खिशातील चाकू : अवजार की आयुध?

घडी करून खिशात ठेवता येणारा लहानसा चाकू ही वस्तू आपल्या दैनंदिन व्यवहारात इतकी मुरलेली आहे की, तिच्याविषयी स्वतंत्र विचार करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. बोरूने लिहिण्याच्या काळात बोरू तासण्याच्या चाकूवाचून कारकुनाचे कलमदान पुरे होत नसे. पुढे बोरू गेला, टाक आला आणि टाकही गेला, तरी कलमे बांधणारा बागाईतदार, विजेच्या तारेवरचे आवरण सोलणारा कारागीर, आंब्याच्या पेट्यांच्या सुतळ्या तोडणारा हमाल आणि प्रवासात फळ कापून मुलांच्या हातावर ठेवणारा गृहस्थ यांच्या खिशातून चाकू काही गेला नाही. परंतु याच वस्तूकडे पाहण्याची दुसरीही एक दृष्टी आहे, आणि ती अशी की, चाकू जवळ असावा तो कामासाठी नसला तरी चालेल, पण अवघड प्रसंगी प्राण आणि अब्रू राखण्यासाठी असावा. या दोन दृष्टींतील विरोध मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्या दोन व्यक्तींच्या मुखी घालून येथे मांडल्या आहेत. मामा हे रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता आंब्याची कलमे बांधण्यात रमलेले गृहस्थ. भाची मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातील अपघात विभागात परिचारिका आहे.

भाची : मामा, तुमच्याजवळ कलमे बांधण्याचा जो घडीचा चाकू आहे, तसाच एक मला हवा आहे. परत जाताना घेऊन जाईन म्हणते.

मामा : द्यायला माझी ना नाही. पण तो कशासाठी हवा हे आधी सांग, कारण ही वस्तू ज्या हेतूने खिशात जाते त्या हेतूवर तिचे पुढचे सारे अवलंबून असते. पेरू कापायला किंवा औषधांची खोकी उघडायला हवा असेल, तर आत्ता सहाणेवर धार लावून तुझ्या हाती देतो.

भाची : तुमच्याशी खोटे कशाला बोलू? पेरूसाठी नको आहे. दुपारची पाळी आटोपून, पुढच्या पाळीच्या परिचारिकेच्या हाती रुग्ण सोपवून मी बाहेर पडते तेव्हा रात्र झालेली असते, आणि स्थानकापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवे अर्धेअधिक बंद असतात. मागे कोणाची पावले वाजू लागली की मी घराच्या किल्ल्या मुठीत आवळून चालते. किल्लीपेक्षा पाते बरे, एवढाच माझा हिशेब आहे. कायद्याने मला स्वसंरक्षणाचा अधिकार दिला आहे असे तुम्हीच आम्हाला लहानपणापासून सांगत आलात; मग अधिकार द्यावा आणि साधन मात्र देऊ नये, हा न्याय कसा म्हणायचा?

मामा : अधिकार आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ९६ पासून १०६ पर्यंतची कलमे याच विषयाची होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली आहेत. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा अॅसिड टाकण्याच्या हेतूने हल्ला होत असेल, तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा अधिकार पोहोचतो. पण त्याच प्रकरणात दोन बंधनेही घातलेली आहेत, आणि लोकांच्या ध्यानात ती राहत नाहीत : एक असे की, बचावासाठी जितकी आवश्यक तितकीच इजा करावी, तिच्यापलीकडे जाऊ नये, आणि दुसरे असे की, सरकारी अधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास अवधी असेल तेव्हा हा अधिकारच उद्भवत नाही.

भाची : जितकी आवश्यक तितकीच! अंगावर धावून येणाऱ्या माणसासमोर उभी राहून बाईने आवश्यकतेचे मोजमाप करीत बसावे, अशी का कायद्याची अपेक्षा आहे? २०१० साली पंजाबातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे की, संकट पुढ्यात उभे असताना मनुष्याने आपला प्रतिकार गणिती काटेकोरपणाने आखावा अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि कायदा पाळणाऱ्या नागरिकाने भ्याडासारखे वागावे असेही कायद्याला अभिप्रेत नाही.

मामा : तो निर्णय योग्यच आहे, आणि हा अधिकार उदारपणे वाचला पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण न्यायालय हे सारे म्हणते ते केव्हा? पंचनामा झाल्यावर, जबान्या नोंदल्यावर, मुद्देमालाला मोहोर लागल्यावर आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कोणीतरी उभा राहिल्यावर. स्वसंरक्षणाचा अपवाद सांगणाऱ्यावरच तो दाखवून देण्याचा भार असतो. फिर्यादी पक्षाइतका कडक पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत हे खरे, पण भार त्याच्याच खांद्यावर. मी ज्या खोलीत मुद्देमालाची नोंद ठेवीत असे, तेथे दोरीने चिठ्ठी बांधलेले चाकू ओळीने मांडलेले असत, आणि त्यांच्या धन्यांपैकी पुष्कळांनी आपल्या कैफियतीत लिहून दिलेले असे की, चाकू संरक्षणासाठी जवळ ठेवला होता. त्यांतले सगळेच खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. काही जण खरोखरच भ्यालेले होते, आणि त्या भीतीपायीच त्यांच्या हातून अनर्थ घडला.

भाची : मग चाकू जवळ ठेवणे हाच गुन्हा आहे, असे तर तुमचे म्हणणे नाही ना?

मामा : नाही, कायदा या बाबतीत समंजस आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालील नियमांच्या परिशिष्टात तलवारी, खंजीर, भाले यांबरोबर चाकूही आला आहे. पण तो ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा, आणि त्यातही घरकाम, शेतकाम, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेली हत्यारे वगळलेली. माझ्या कलमाच्या चाकूचे पाते बोटाएवढे. त्याला परवान्याची गरज नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ३७ वे कलम निराळे आहे. शांततेला धोका दिसला की त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई हुकूम काढतात, आणि त्यात तलवार-बंदुकीबरोबर चाकू, काठ्या, लाठ्या, किंबहुना शरीराला इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू बाळगणे निषिद्ध होते. हुकूम मोडला तर १३५ व्या कलमान्वये एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि खास कारणे नमूद केल्याशिवाय ती चार महिन्यांहून कमी देता येत नाही. असा हुकूम तुझ्या इलाख्यात कधी लागू असतो आणि कधी नसतो, हे तुला ठाऊक असते काय?

भाची : नसते. पण मग सुपारीबाज गुंड आणि मी, दोघे कायद्याच्या एकाच ओळीत येऊन बसलो. वस्तू पाहून माणूस ठरवायचा, ही रीत मला पटत नाही.

मामा : मलाही पटत नाही, म्हणून मी तुला पहिल्यानेच हेतू विचारला. इंग्लंडात या गोष्टीचा फार स्पष्ट विचार झालेला आहे. तेथील १९८८ च्या फौजदारी कायद्याने असे ठरविले की, ३ इंचांपर्यंत धारेचा, घडी होणारा आणि उघडल्यावर खटक्याने पक्का न होणारा चाकू सार्वजनिक ठिकाणी जवळ ठेवण्यास कोणतेही कारण सांगावे लागत नाही. पण त्याआधीचा १९५३ चा कायदा असा आहे की, दुसऱ्याला इजा करण्याच्या इराद्याने जवळ ठेवलेली कोणतीही वस्तू हे आक्रमक शस्त्र समजावे. म्हणजे फळ कापण्यासाठी ठेवलेला चाकू निर्दोष, आणि तोच चाकू ‘कोणी अंगावर आला तर खुपसीन’ अशा विचाराने ठेवला की सदोष. तेथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांमुलींनी हे नीट ध्यानात ठेवावे. आपला कायदा शब्दशः तसा नाही. तरी पोलिसाने हटकले असता ‘हा कशाला जवळ ठेवलास?’ या प्रश्नाला माझ्यापाशी सरळ उत्तर असते, आणि तुझ्यापाशी ते नसणार.

भाची : कायद्याची बाजू तुमची, हे मान्य करते. पण माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. अपघात विभागात मी ज्या बायका आणि जे पुरुष पाहते, त्यांच्या तळहातांवर आणि कोपराखालच्या हातावर आडव्या जखमा असतात. वार चुकविण्यासाठी माणूस उपजतच हात पुढे करतो; दुसरे काही जवळ नसते, म्हणून तो आपले हातच ढालीसारखे धरतो. ते हात धुऊन, त्यांवर टाके घालून घेण्यासाठी त्यांना टेबलावर धरून ठेवताना दर वेळी माझ्या मनात येते की, या हातांत काहीतरी असते तर! पुरुषाची मूठ हेच मुळी बाईच्या दृष्टीने हत्यार असते. त्याच्या नि माझ्या बळातील अंतर भरून काढणारे काही मी जवळ ठेवले, तर त्यात उद्धटपणा कोणता?

मामा : उद्धटपणा मुळीच नाही, तुझी व्यथा खरी आहे. मी फक्त एवढेच विचारतो की, घडीच्या चाकूने ते अंतर भरते काय? या वस्तूची घडण पाहा. साध्या चाकूचे पाते पाठीमागच्या पट्टीच्या ताणाने उघडे राहते; कापण्याच्या दिशेने दाब दिला तर ते उघडेच राहते, पण टोक खुपसायला जावे आणि ते हाडाला किंवा जाड कपड्याला अडावे, तर पाते मिटून धरणाऱ्याचीच बोटे कापतात. स्वित्झर्लंडच्या लष्कराने शिपायाला घडीचा चाकू दिला. इबाख गावच्या कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने १८९१ पासून तो पुरविण्यास आरंभ केला. त्या चाकूत काय होते? एक पाते, एक टोच्या, अन्नाचे डबे उघडण्याचा फाळ आणि नव्या बंदुकीचे भाग सुटे करण्यासाठी पेचकस. युद्धासाठीच ज्याला पोसले त्या शिपायालासुद्धा लढण्यासाठी संगीन निराळी होती, आणि घडीचा चाकू दिला तो जेवणासाठी व दुरुस्तीसाठी. लष्कराने ज्याला आयुध मानले नाही त्याला तू आयुध मानावेस, हे मला धोक्याचे वाटते.

भाची : उघडल्यावर पक्के बसणारे चाकूही मिळतात की.

मामा : मिळतात. फ्रान्समधील सव्हॉय प्रांतातला ओपिनेल हा चाकू शेतकरी आणि गवळी वापरीत आले. त्याला १९५५ साली फिरते कडे बसविले, आणि त्याने उघडे पाते जागच्या जागी घट्ट राहते. पण ते कडे आले तेही काम करणाऱ्याची बोटे वाचावीत म्हणून. आणि पाते पक्के झाले म्हणून वेळ कोठून आणशील? अमेरिकेतील डेनिस ट्यूलर या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ साली लिहून ठेवले की, २१ फुटांवर उभा असलेला धडधाकट मनुष्य सुमारे दीड सेकंदात अंगावर येऊन पोहोचतो. आणि त्याने हा हिशेब मांडला तो कमरेला पिस्तूल असलेल्या, रोज सराव करणाऱ्या शिपायांना सावध करण्यासाठी. तेवढ्या वेळात तुला पर्स उघडायची, चाकू चाचपायचा, नखाने पाते ओढायचे आणि कडे फिरवायचे आहे. तुझ्या रस्त्यावर मागून येणारा मनुष्य २१ फुटांवरून आपला इरादा जाहीर करीत नाही.

भाची : तुम्ही हिशेब मांडता तो अचूक आहे. तरी त्या वस्तूने मनाला जो धीर येतो त्याचे मोल तुम्ही धरीत नाही. धीर असलेली बाई निराळी चालते, निराळी पाहते. आणि वाईट हेतूचा माणूस भ्यालेले सावज शोधीत असतो.

मामा : धीराचे मोल मी फार मोठे मानतो. पण हा धीर कोणत्या जातीचा आहे ते तपासून पाहा. ज्या गल्लीत एरवी तू शिरली नसतीस तीत तो तुला शिरायला लावील. ज्या बाचाबाचीतून तू खाली मान घालून निघून गेली असतीस तीत तो तुला उभी करील. मुद्देमालाच्या त्या खोलीतल्या कागदांत मी हे पुन्हा पुन्हा वाचले आहे : भांडण क्षुल्लक, जागेवरून किंवा पैशावरून, आणि चाकू जवळ होता म्हणून मनुष्य मागे सरला नाही. आता एक तूच सांग, कारण ते माझ्यापेक्षा तुला अधिक कळते. मारायचे नाही, नुसते पळवून लावायचे, असे ठरवून एखाद्याने मांडीवर वार केला तर काय होते?

भाची : मांडीच्या मुळाशी मोठी रोहिणी असते. ती तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. आमच्यापर्यंत पोहोचला तर त्याचे नशीब. आणि जखमेचे तोंड पाहून तिची खोली समजत नाही. बोटभर दिसणाऱ्या जखमेखाली आतडे फाटलेले असते. हे मी नाकारीत नाही.

मामा : मग जितकी आवश्यक तितकीच इजा, हे कायद्याचे मोजमाप चाकूला कसे पाळता यावे? काठीने हातावर मारता येते, धक्का देऊन पळता येते, ओरडून माणसे जमविता येतात. या साऱ्यांत कमी-अधिक करण्याला जागा आहे. पाते शरीरात शिरले की पुढचे ठरविणे तुझ्या हाती उरत नाही. उलट कलम बांधताना पाहा : कोय रुजून तांबूस कोवळी पाने आली की रोपाचा शेंडा छाटायचा, खोडात मधोमध उभा काप घ्यायचा, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि ती त्या कापात बसवून पट्टीने घट्ट बांधायची. धार बोथट असली तर साल चेपते आणि सांधा जुळत नाही. धार चांगली असली तर साल सालीला मिळते आणि झाड पुढे वर्षानुवर्षे फळ देते. या कामात चाकू मोजमाप पाळतो, कारण काप किती घ्यायचा हे थंड डोक्याने ठरविलेले असते.

भाची : मामा, कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग आहे, असे आपल्या राज्यघटनेने २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात नमूद केले आहे. म्हणजे पाते अंगावर बाळगण्यात प्रतिष्ठा असू शकते, हे या देशाने मान्य केलेले आहे. मग माझ्याच बाबतीत संशय का?

मामा : कृपाणामागे दीक्षा आहे, मर्यादा आहे, आणि ते केव्हा उपसू नये हे शिकविणारी परंपरा आहे. ती शिस्त घेऊन वर्षानुवर्षे सराव करणाऱ्याशी माझा वाद नाही. तुझ्यापाशी ती शिस्तही नाही आणि तो सरावही नाही. तुझ्या बळाची जात निराळी आहे.

भाची : ती कोणती, तेही सांगा, कारण बाईला ‘हे नको, ते नको’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि तिने काय करावे हे सांगणारा कोणी नसतो. रस्त्यावरचे दिवे ज्यांनी लावायचे ते लावीत नाहीत, गस्त ज्यांनी घालायची ते घालीत नाहीत, आणि संयमाचा उपदेश मात्र माझ्याच वाट्याला येतो.

मामा : हा आक्षेप मी संपूर्णपणे मान्य करतो, आणि त्याला माझ्यापाशी खंडन नाही. दिवे आणि गस्त यांचा बंदोबस्त हे शासनाचे पहिले कर्तव्य आहे, आणि ते पार न पाडणाऱ्यास तुझ्या पर्समध्ये काय आहे हे विचारण्याचा नैतिक अधिकार थोडाच उरतो. तोवर माझ्या मते एवढे करावे : हातात चांगला प्रखर विजेचा दिवा असावा, गळ्यात शिटी असावी, भ्रमणध्वनीवर ११२ हा आपत्कालीन क्रमांक एका बोटाने लावता यावा, पाळी सुटल्यावर दोघीतिघींनी मिळून निघावे, आणि संशय येताच संकोच न करता उजेडाच्या, माणसांच्या जागी वळावे. हात सोडवून घेण्याचे चार डाव कोणा जाणत्या शिक्षिकेकडून शिकावेत; ते मात्र नियमाने घोटावेत. आणि इतके करूनही कोणी अंगावर आलाच, तर जे हाती येईल ते वापर : दगड, छत्री, किल्ली, आणि कामासाठी जवळ ठेवलेला चाकू हाती आला तर तोही. त्या क्षणी तुला कोणी दोष देणार नाही. मी तर नाहीच नाही. माझा विरोध हातघाईच्या त्या क्षणाला नाही. चाकू आपले रक्षण करील असे घरातून निघतानाच ठरवून बाकीची सावधगिरी सैल करण्याला तो आहे.

भाची : हे मला पटते, अगदी सारे पटले असे मात्र म्हणत नाही. ज्या बाईला दोघीतिघींची सोबत मिळत नाही आणि जिच्या वाटेवर उजेडाची जागाच नाही, तिला तुमचे हे उत्तर पुरणार नाही.

मामा : पुरणार नाही, हे मीही जाणतो. पण चाकूही तिला पुरणार नाही. आणि पुरेल असे सांगणे म्हणजे तिची फसवणूक करणे होय.

संवाद येथे संपतो. प्रश्न संपत नाही, कारण भाचीचा शेवटचा आक्षेप व्यक्तीवर नसून समाजावर आहे आणि त्याचे उत्तर समाजानेच द्यावयाचे आहे. तरीही वाचकाला निर्णय मागण्याचा हक्क आहे, म्हणून माझा निर्णय सांगतो. घडीचा चाकू हे कामाचे अवजार आहे, आणि त्या नात्याने तो लहान, स्वच्छ व धारदार असा जवळ ठेवण्यात सभ्य नागरिकाने कोणताही संकोच धरू नये. मात्र मनाई हुकूम लागू असताना, आणि विमानाच्या प्रवासात हातच्या सामानात, तो घरीच किंवा मोठ्या पेटीत राहील अशी खबरदारी घ्यावी. संरक्षणाचे साधन म्हणून त्यावर विसंबू नये; तेथे तो अपुरा आहे, मोजमाप न पाळणारा आहे, आणि ज्याचे रक्षण करायचे त्यालाच कित्येकदा आरोपी करून सोडणारा आहे. आणि ज्यांना ज्यांना हा निर्णय पटेल त्यांनी तो आपल्या लेकीसुनांना ऐकविण्याआधी आपल्या रस्त्यावरचे बंद दिवे मोजावेत, त्यांची लेखी तक्रार नगरपालिकेत दाखल करावी, आणि दिवे लागेपर्यंत त्या तक्रारीचा पाठपुरावा सोडू नये.